शेलू यलो

शेलूबाजारला हायवेच्या कडेला, जीपच्या थांब्यासमोर, एक पाटी आहे : 'पवन प्रतवारी केंद्र. सुट्या मालाची प्रतवारी करून मिळेल.' पवनने रंगाऱ्याला 'सुट्या ॲक्शन फिगरची' असं लिहून दिलं होतं. रंगाऱ्याने ते वाचलं, पोराच्या हातून चूक झाली असणार असं समजून मोठ्या मनाने दुरुस्त केलं. त्यामुळे केंद्राचा पहिला हंगाम जोरात गेला. लोक रुमालाच्या गाठीत सोयाबीन घेऊन यायचे आणि विचारायचे, "पाह्य बरं, हवा किती हाय?" बाजारात धान्यातल्या ओलाव्याला हवा म्हणतात. काहीजण पाचशेची नोट घेऊन सुटे मागायला यायचे. नोटवाल्यांना पवन जमेल तसे सुटे देई. सोयाबीनवाल्यांना खुर्ची देऊन हे धान्याचं दुकान नाही असं समजावून सांगे. ते शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, "तरी एकदा पाह्यून घे."

पवनचा माल म्हणजे वीतभर उंचीचे प्लॅस्टिकचे सैनिक, अंतराळवीर आणि राक्षस. तीसेक वर्षांपूर्वी हे दुकानात मिळत. ज्या मुलांना ते तेव्हा मिळाले नाहीत ती आता मोठी झाली आहेत, त्यांना पगार आहेत, आणि ती उरलेलं आयुष्य ते मिळवण्यात घालवत आहेत. जो मूळ खोक्यातून बाहेर पडला त्याला या धंद्यात सुटा म्हणतात. सुटा म्हटला की संशय आला : याच्याशी कोणी खेळलं तर नाही? खेळण्याशी खेळणं हा या क्षेत्रातला सर्वांत गंभीर दोष आहे. म्हणून तो एखाद्या तिऱ्हाइताकडे तपासायला पाठवतात.

पवन तो भिंगाखाली धरतो. सांधे किती ढिले, नाकाचा रंग किती उडाला, हातातली बंदूक मूळची की उसनी, टेबलावर ठेवला तर स्वतःच्या पायांवर उभा राहतो का, हे पाहतो. शंभरापैकी गुण देतो, शेरा लिहितो, आणि पारदर्शक डबीत कायमचा बंद करून परत पाठवतो. धुणं, चिकटवणं, रंगवणं त्याच्या धर्मात बसत नाही. जसं आलं तसं मोजायचं. ही विद्या तो पुण्याला खेळण्यांच्या एका गोदामात शिकला. लॉकडाऊनमध्ये गोदाम बंद पडलं, तेव्हा तो गावी आला आणि विद्याही त्याच्याबरोबर आली, कारण तिलाही दुसरीकडे कुठे जागा नव्हती.

थांब्यावरचा भागवत जीपवाला हा या विद्येचा एकमेव स्थानिक अभ्यासक.

"पवन, माह्या जीपले किती मार्क देशीन?"

"सांधे ढिले. रंग उडाला. आरसा मूळचा नाई, भागवतदा."

"पण उभी तं राह्यते ना?"

"चाकाखाली गोटा लावून राह्यते. स्वतःच्या पायावर नाई."

"मंग तू तरी कुठी राह्यतं? बापाच्याच घरात हायस ना?"

हे खरं होतं. केंद्र म्हणजे घराचीच पुढची खोली होती, आणि घर दौलतरावांचं होतं. दौलतराव सोयाबीन आणि हळद पिकवतात. प्रतवारी हा शब्द त्यांनी जन्मभर टेबलाच्या एकाच बाजूने ऐकला आहे : व्यापारी पोत्यात हात घालणार, दाणा दाताखाली धरणार, तोंड वाकडं करून 'डागी हाय' म्हणणार आणि कटती लावून भाव पाडणार. आपला मुलगा नेमका टेबलाच्या पलीकडे जाऊन बसला, याचा त्यांना धक्का बसला होता.

"माह्या घरात व्यापारी जलमला," ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. "तेबी बाहुल्याइचा."

खंडेनवमीला या घरात ट्रॅक्टर, विळे, फवारणीचा पंप, तागडी आणि पंचफुलाबाईंची शिलाई मशीन यांना हळदकुंकू लागतं. पवनच्या टेबलाला कधी लागलं नाही. "कटती लावणाऱ्याचं अवजार माह्या पूजेत नाई," असं दौलतरावांनी पहिल्याच वर्षी जाहीर केलं होतं. पवन त्यावर काही बोलला नाही. पवनची आई पंचफुलाबाई, त्याही काही बोलल्या नाहीत. त्यांच्या न बोलण्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

पवनचं नाव झालं ते पिवळेपणामुळे. पांढरं प्लॅस्टिक जुनं झालं की पिवळं पडतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण पवनला दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमाराला तपासलेल्या सैनिकांत एक गोष्ट दिसायला लागली. अंग पांढरं, चेहरा पांढरा, आणि तळवे पिवळे. त्याने भिंगाखाली पाहिलं, फोटो काढले, विचार केला, आणि संग्राहकांच्या ग्रुपवर एक टिपण लिहिलं : बुटांत प्लॅस्टिक जाड ओतलेलं असतं, ऑक्टोबरची धग खालून लागते, त्यामुळे म्हातारपण तळव्यापासून सुरू होतं. टिपण पुण्याला आवडलं. बंगळूरला फारच आवडलं. तिथल्या एका गृहस्थांनी या विकाराला 'शेलू यलो' असं नाव दिलं. कोलकात्याच्या एकाने आपल्या संग्रहातले पाय तपासले, आणि त्याच्याकडेही निघाला. शोधलं की निघतंच. त्यानंतर देशात कुठेही पांढरा सैनिक विकायचा तर घेणारा आधी त्याला उलटा करून पाहू लागला. शेलूबाजारचं नाव इतक्या लांब याआधी फक्त समृद्धी महामार्गाच्या पाटीवरच गेलं होतं.

पवनकडे यंत्र नव्हतं, पदवी नव्हती. होता तो शब्द. त्याने ऐंशी म्हटलं की ऐंशी, इतकंच त्याचं दुकान. म्हणून दिवाळीनंतर नागपूरहून डॉ. वैजयंती खडतकरांचा फोन आला तेव्हा त्याने भिंग खाली ठेवलं आणि उभं राहून ऐकलं.

वैजयंतीबाई दातांच्या डॉक्टर. 'धूमकेतू दल' नावाची एक खेळणी कंपनी कधीच बुडाली, तिचा हिमसैनिक त्यांनी पवनकडे नवरात्राच्या आधी पाठवला होता. नखशिखांत पांढरा. पवनने त्याचे गुण कापले होते आणि शेरा लिहिला होता : 'दोन्ही तळव्यांना पिवळेपणा, शेलू यलो, आरंभीचा टप्पा.'

"मी पाठवण्याआधी तळव्यांचे फोटो काढलेत," त्या फोनवर म्हणाल्या. "पांढरे आहेत. दुधाच्या दातासारखे. म्हणजे पिवळे तुमच्याकडे झाले."

"मॅडम, आरंभीचा टप्पा लवकर दिसत नाही..."

"शुक्रवारी मी येते. तुमच्याकडे झालं असेल तर ग्रुपवर सांगेन. नसेल तर माफी मागेन. दोन्ही मी व्यवस्थित करते."

पवनने हिशेब केला. ग्रेडरनेच मालाला डाग पाडला असं एकदा ग्रुपवर आलं, की त्याच्या आजवरच्या सगळ्या डब्या म्हणजे नुसत्या डब्या. उद्यापासून पार्सल येणार नाही. पाटी मात्र बदलावी लागणार नाही, सोयाबीन सुरू करता येईल.

शुक्रवारी वैजयंतीबाई समृद्धीवरून उतरून बरोबर सांगितल्या वेळी आल्या. ठेंगण्या, केस कापलेल्या, आणि समोरच्याने तोंड उघडावं अशा अपेक्षेने पाहणाऱ्या. भागवत जीप सोडून खिडकीशी येऊन उभा राहिला. दौलतराव उंबऱ्यावर बसले. व्यापाऱ्याच्या मालाला कोणीतरी नाव ठेवणार, हा योग त्यांना चुकवायचा नव्हता.

बाईंनी हिमसैनिकाची डबी टेबलावर ठेवली आणि गाडीच्या किल्लीने तिचं सील तोडलं. पवनने डोळे मिटून घेतले. सील तुटलं की प्रत गेली, हा नियम त्यानेच केलेला.

"पिवळेपणा दोन प्रकारचा असतो," बाई म्हणाल्या. "आतून आलेला आणि बाहेरून बसलेला. दातांतही तसंच. तुमचा तो जांभळा टॉर्च कुठे आहे?"

तो टॉर्च पवन मागाहून मारलेला रंग आणि गोंद ओळखायला वापरतो. त्याच्या उजेडात मागाहूनचं सगळं वेगळं चमकतं. मात्र तळव्याला कोण रंग मारणार, म्हणून टॉर्च कधी पायांपर्यंत पोचला नव्हता. मोठमोठ्या तपासण्यांत असं होतं.

अंधारासाठी सगळे कोठीत गेले. तिथे फवारणीचा पंप होता, रिकामी पोती होती आणि भर दुपारी पुरेसा काळोख होता. बाईंनी हिमसैनिक उलटा धरला आणि टॉर्च लावला.

तळवे लखलखले. पिवळट हिरवे, काजव्यासारखे. प्रत्येक तळव्यावर एक गोल, बोटाच्या पेराएवढा.

"म्हातारपण इतकं गोल नसतं," बाई म्हणाल्या.

तेवढ्यात पंचफुलाबाई चहा घेऊन कोठीत आल्या, आणि बाईंनी त्यांना वाट दिसावी म्हणून टॉर्च सहज त्यांच्याकडे वळवला. कपबशीखालचं त्यांचं बोट तसंच चमकलं. करंगळीशेजारचं. मग टॉर्च फिरत गेला तशी चौकट चमकली, कडी चमकली, पोती चमकली, आणि कोठीच्या उंबऱ्यावर दौलतरावांच्या बोटांची पेरं चमकली.

"घरात हळद आहे का?" बाईंनी विचारलं.

"हळद हाय का म्हंता?" दौलतराव म्हणाले. "आमी हळदच पिकोतो, बाई."

पवन आईकडे वळला. "माय, तू ह्याइले हात लावला काय?"

"लावला तं," पंचफुलाबाई म्हणाल्या. "खंडेनवमीले. तू अंघोळीले गेला की."

"काहून?"

"पूजा करा लागते का नाई? तुह्ये बाबा कपाळाले लावू देत नव्हते. मंग म्या पायाले लावली. पाय कोन पाह्यते!"

पवन गेली काही वर्षं पायांव्यतिरिक्त फारसं काही पाहत नव्हता, हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं.

"सगळ्याइले लावली?"

"सगळ्याइले. एकाले लावा अन् एकाले नाई, असा भेद कायले करू? लोकाच्या घरचे पाव्हने होते ते. लावून पदरानं पुसूनबी घेतली."

"माय वं," पवन खाली बसला, "म्या त्याच्यावर लोकाइचे मार्क कापले."

"ते तू कापले. म्या तं लावलीच होती."

पुढच्या खोलीच्या खिडकीशी कान लावून उभा असलेला भागवत इतक्या मोठ्याने हसला की जीपमध्ये बसलेली अनसिंग गावची दोन माणसं उतरून काय झालं ते विचारायला आली. दौलतरावांचं मात्र सुरुवातीला ठरेना. व्यापारी सापडला याचा आनंद, की तो आपल्याच घरात सापडला याचं दुःख. शेवटी ते बाईंना म्हणाले, "एक सांगतो, बाई. पोट्टं खोटं नाई. त्याले पिवळं दिसलं, त्यानं पिवळं लिवलं. पिवळं होतंच. त्याचं कारन चुकलं, माप नाई चुकलं. आमच्या व्यापाऱ्याचं तं मापबी चुकते."

"म्हणजे यांनी आधी माझा सैनिक डागाळला," बाई म्हणाल्या, "आणि मग प्रामाणिकपणे डाग मोजला."

"हां. असं."

पवनने वडिलांकडे पाहिलं. त्यांनी आपली बाजू घेतली होती. असं कधी झालं नव्हतं, आणि ज्या कारणाने झालं ते पाहता पुन्हा होऊ नये असंही त्याला वाटलं.

बाईंनी कोठीतच चहा संपवला आणि दोन गोष्टी सांगितल्या. हिमसैनिक होता तसा करून द्या. आणि ग्रुपवर तुम्ही स्वतः लिहा, म्हणजे मला लिहावं लागणार नाही.

पहिली गोष्ट सोपी होती. हळदीचा डाग उन्हात उडतो हे लुगड्यापासून उशीपर्यंत सगळ्यांना माहीत आहे, आणि उन्हाने प्लॅस्टिक पिवळं पडतं हे पवनला माहीत होतं. एकच ऊन तळव्यांना हवं आणि अंगाला नको, असा पेच. दौलतरावांनी विचार केला आणि सोयाबीनचं टोपलं आणलं.

"ह्याच्यात डोक्याकडून खुपस. पाय वर. अंगाले ऊन लागनार नाई."

"ह्याची हवा किती हाय?" पवनने विचारलं. त्याच्या दुकानात सोयाबीनची हवा प्रथमच त्याने स्वतः विचारली.

"वाळलं हाय लेका, कडकडीत. मले शिकवतं?"

हिमसैनिक मलमलीत गुंडाळून गुडघ्यांपर्यंत सोयाबीनमध्ये पुरला आणि गच्चीवर ठेवला. ग्रेडरने मालाची सफाई करायची नाही, म्हणून पवन खाली उभा राहिला आणि पंचफुलाबाईंनी टोपलं उन्हाप्रमाणे फिरवलं. हायवेवरून जाणाऱ्यांना गच्चीच्या कठड्यावर दोन छोटे पांढरे पाय आभाळाकडे केलेले दिसत. कोणी थांबलं नाही. शेलूबाजारच्या गच्च्यांवर याहून चमत्कारिक गोष्टी वाळत असतात. दिवस मावळेपर्यंत, टोपलं फिरवण्याच्या मधल्या वेळात, बाई पंचफुलाबाईंची दाढ पाहत बसल्या होत्या. मग टॉर्च लावला. तळवे काळे राहिले, चमकले नाहीत. हिमसैनिक नव्या डबीत, नव्या गुणांनी, नागपूरला गेला.

दुसरी गोष्ट अवघड होती. पवनने ती सकाळी केली, पोट रिकामं असताना. सगळं लिहिलं. शेलू यलो म्हणून काही नाही. ती हळद आहे. माझ्या आईने पूजा केली, मी ती म्हातारपण समजलो. ज्यांचे गुण कापले त्यांनी माल पाठवावा, फुकट पुन्हा तपासून देतो. संदेश पाठवला, फोन उलटा ठेवला, आणि पाटीकडे पाहत बसला. भागवत येऊन शेजारी बसला. पाटी उतरवायला शिडी लागेल का, एवढंच त्याने विचारलं.

मग फोन वाजू लागला.

बंगळूरच्या गृहस्थांनी लिहिलं होतं, 'पवनजी, पूरी इज्जत के साथ, आप ग्रेडर हैं, केमिस्ट नहीं.' कोलकात्याच्याने लिहिलं होतं की त्याच्या घरी खेळण्यांची पूजा होत नाही, तरी त्याच्याकडे शेलू यलो आहे, तेव्हा पवनने आपल्या मर्यादा ओळखाव्यात. पुण्याच्या एकाने हा संदेश पवनचा नसून त्याचा फोन कोणाच्या तरी हाती लागला आहे, असा इशारा दिला. ज्याने शेलू यलोला पुढेमागे भाव येईल म्हणून पिवळ्या तळव्यांचे सैनिक स्वस्तात गोळा करून ठेवले होते तो फारच चिडला होता. वैजयंतीबाईंनी मध्ये पडून सांगितलं की पवन म्हणतो ते खरं आहे, मी डोळ्यांनी पाहिलं. त्यांना दातांपुरतं बोलावं असं कळवण्यात आलं. एकाने मात्र आईच्या हातची हळद लावलेले सैनिक वेगळे मिळतील का, अशी चौकशी केली.

"काय म्हंतात?" भागवतने विचारलं.

"म्हंतात, मले शेलू यलोतलं काई समजत नाई."

"मंग शिडी?"

"राहू दे."

पार्सलं थांबली नाहीत. उलट वाढली, कारण ज्याच्या नावाने एवढा वाद चालला आहे त्याच्याकडून एकदा तपासून घ्यावं असं पुष्कळांना वाटलं. पवन आता टॉर्च डोक्यापासून तळव्यापर्यंत मारतो. शेऱ्यात कारण लिहायचं त्याने सोडून दिलं आहे. 'पिवळं आहे' एवढंच लिहितो. कारण विचारलंच तर मालकाला त्याचं त्याने शोधायला सांगतो, आणि त्यांना ते सापडतं.

पुढची खंडेनवमी आली. आदल्या दिवशीच पवनने सगळे सैनिक लोखंडी कपाटात घालून किल्ली खिशात ठेवली.

"एकदा उघड नं," पंचफुलाबाई म्हणाल्या. "डोळ्यानं पाह्यते नुसती."

"नाई, माय."

दौलतरावांनी ट्रॅक्टरला हार घातला, विळ्यांना, पंपाला, तागडीला, मशीनला हळदकुंकू लावलं. मग ताट घेऊन पुढच्या खोलीच्या दारात आले. आत आले नाहीत.

"आन ते तुह्यं."

"काय?"

"तुह्यं अवजार. का बाहुलेच हायेत तुह्यं अवजार?"

पवनने थोडा विचार केला आणि भिंग आणलं. ते त्यांच्या हातात देताना दांडा पुढे केला, म्हणजे हळद दांड्याला लागावी. पण दौलतराव कोणत्याही यंत्राला समोरून लावतात. ट्रॅक्टरला बोनेटवर, तागडीला काट्यावर. त्यांनी हळदीत बोट बुडवलं आणि बरोबर काचेच्या मध्ये टेकवलं. वर कुंकू लावलं. दोन अक्षता टाकल्या.

"उद्यापर्यंत हात लावू नको," ते म्हणाले. पूजेत ठेवलेलं अवजार त्या दिवशी वापरत नाहीत.

भिंग ट्रॅक्टर आणि शिलाई मशीन यांच्यामध्ये चौरंगावर राहिलं. पवनला दिवसभर काम नव्हतं. तो भागवतच्या जीपमध्ये पाय वर घेऊन बसला होता तेव्हा बंगळूरच्या गृहस्थांचा फोन आला. त्यांचा अंतराळवीर पोचला होता, आणि त्यांना राहवत नव्हतं.

"आज नहीं देखा, सर. भिंग पूजा में है."

"अच्छा, अच्छा. लेकिन ऊपर ऊपर से कुछ दिखा? शेलू यलो है क्या?"

पवनने जीपमधून चौरंगाकडे पाहिलं.

"है, सर," तो म्हणाला. "भिंग पे है."

संध्याकाळी ग्रुपवर चर्चा सुरू झाली की भिंगाच्या काचेलाही शेलू यलो होतो का, आणि होत असेल तर तो कडेकडून सुरू होतो की मधोमध.